बिलोरगडावरच्या हिरव्या बांगड्या

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. हेमचंद्र यास अनेक आशीर्वाद.

घसा कसा आहे ते आधी लिही. डॉक्टरांनी बोलायला बंदी घातली आहे ती पाळ. पाटीवर लिहून भांडतोस असं शेजारच्या सरिताताईंनी कळवलं, ते मात्र चालू दे. मोबाइलवर लिहीत नाही म्हणून रागावू नकोस. माझा फोन वैदेहीनं तिच्या लॅपटॉपला जोडून दिलाय, आणि आज जे लिहायचंय ते तिनं वाचायला नको. म्हणून पाकीट, गोंद आणि स्पीड पोस्ट.

काल आम्ही बिलोरगडावर गेलो होतो. मी, वैदेही आणि आपले होणारे जावई. शिवराजच म्हणाला, "आत्या, लग्नाआधी एकदा तुम्हाला गड दाखवतो." मी लहानपणी एकदाच गेलोय, वाट नीट आठवत नाही, असंही म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेव.

गड फुलंब्रीच्या पुढे डोंगरात आहे. पायथ्याशी पुंडलिक नावाचा ग्रामपंचायतीचा माणूस वही घेऊन बसतो. मागे कुणीतरी कड्यावरून पडलं, तेव्हापासून वर जाणाऱ्यांची नावं लिहून घेतात. आमची नावं लिहिता लिहिता तो शिवराजकडे बघून हळूच म्हणाला, "या टायमाला ताई नाय आल्या व्हय, दादा?" शिवराजनं डोळ्यांनी त्याला गप्प केलं. वैदेही बाटलीत पाणी भरत होती. माझे कान मात्र अजून शाबूत आहेत.

गड म्हणावा तसा उभा नाही, पण दुसऱ्या दरवाज्यापाशी वाट अशी वळते की पुढचा माणूस दिसेनासा होतो. वर टाकं आहे, पडका महाल आहे. तिथल्या बोर्डावरची कथा शिवराजनं सांगितली. किल्लेदाराची मुलगी केतकी आणि पायऱ्या खोदणारा पाथरवट राणू यांचं जमलं. किल्लेदारानं राणूला कामाच्या निमित्तानं पैठणला धाडलं. मग एक दिवस गडावर निरोप आला की राणूनं तिकडे संसार थाटलाय, पाळणा हलतोय. मुलीनं कड्यावरून उडी घेतली. तिसऱ्या दिवशी राणू तिच्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन गड चढून आला. पाळणा नव्हता, संसार नव्हता, सगळं खोटं. तोही त्याच कड्यावरून गेला. तिथल्या कठड्यावर बायका बांगड्या वाहतात, काचा चमकतात म्हणून गडाचं नाव बिलोरगड.

वैदेहीनं विचारलं, "पण खोटा निरोप आणला कुणी?" शिवराज म्हणाला, "कोण जाणे," आणि उठून टाक्याकडे गेला. इतका वेळ पोपटासारखा बोलणारा माणूस!

थोड्या वेळानं म्हणाला, तुम्ही बसा, मी पुढची वाट बघून येतो. मी पाय मोकळे करायच्या निमित्तानं मागून गेले. हेमू, त्यानं खिशातून गुलाबी कागदाची पुडी काढली, हिरव्या बांगड्या एकेक करून कठड्यावर ठेवल्या, हात जोडले आणि परत येऊन आम्हाला सांगितलं, "तिकडं काही नाही, नुसते काटे आहेत." पुडीचा कागद मी उचलून पर्समध्ये ठेवलाय.

खाली आल्यावर तो गाडी वळवत होता, तेवढ्यात मी पुंडलिकाची वही चाळली. ३ नोव्हेंबर: शिवराज, सोबत एक महिला. १ डिसेंबर: शिवराज, सोबत एक महिला. नेहमीच्या माणसांत एकाचंच नाव लिहीत असावा. लहानपणी एकदाच गेलेला माणूस!

वैदेहीला काही बोलले नाही. लग्नाला सात आठवडे उरलेत. तुझं मत कळव.

तुझी,
मीनाअक्का


नाशिक
शनिवार, ११ जानेवारी २०२५

ती. अक्कास सा. नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, आणि हसलं की घसा दुखतो, म्हणून दुसऱ्यांदा गंभीरपणे वाचलं.

अक्का, तू बत्तीस वर्षं भूमी अभिलेखात फेरफार तपासलेस. तुला दूधवाल्याच्या मापात खोट दिसते, गॅसवाल्याच्या शिक्क्यात खोट दिसते. माझ्या लग्नात मुलीकडच्यांनी आणलेल्या नारळांवरही तू संशय घेतला होतास. तेव्हा तुझ्या संशयाचं वजन मी निम्मं धरतो.

आता उरलेलं निम्मं. तू लिहायचं टाळलंस ते मी लिहितो. त्यांची जात वेगळी, शेतीवाडीचं घर, आणि तू साखरपुड्याला तोंड भरून हसलीस तरी तुझ्या मनातून ते गेलेलं नाही. दुसरं म्हणजे वैदेही नऊ वर्षांची असताना तिची आई गेली, मी बदल्यांच्या नोकरीत, तेव्हापासून ती तुझ्याकडे आहे. ती गेली की त्या फ्लॅटमध्ये तू आणि कुकरची शिट्टी. मला हे कळत नाही असं नाही. पण त्याचा राग शिवराजवर काढू नकोस.

तरीही पुंडलिकानं विचारलेली 'ताई' कोण, हे मलाही कळायला हवं. मुलीचा बाप आहे मी. तू सरळ शिवराजलाच विचार. आणि जोवर नक्की कळत नाही तोवर वैदेहीजवळ एक अक्षर काढू नकोस. ही माझी विनंती समज किंवा अट समज.

रेडिएशनचे अजून एकवीस दिवस बाकी आहेत. प्रवासाला मनाई आहे, नाहीतर मीच आलो असतो.

तुझा,
हेमचंद्र


उस्मानपुरा
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

चि. हेमचंद्र यास आशीर्वाद.

नारळ खरोखरच जुने होते. पाण्याचा टिपूस नव्हता आत.

जातीचं लिहिलंस ते झोंबलं. खोटं आहे असं म्हणणार नाही. पण जातीमुळे कुणी खिशातून बांगड्या काढत नाही.

शिवराजला सरळ विचार म्हणतोस. ज्यानं एकदा तोंडावर खोटं सांगितलं त्याला परत विचारून काय मिळणार? मी कागदाकडे गेले. त्या गुलाबी कागदावर गुलमंडीतल्या चतुराबाई कासारणीचा शिक्का आहे. माझ्या लग्नाचा चुडा तिच्या सासूनं भरला होता. यजमान गेल्यानंतर त्या दुकानाची पायरी मी चढले नव्हते, पण परवा चढले. भाचीचा चुडा बघायचाय म्हणाले आणि हळूच शिवराजचा विषय काढला.

ती म्हणाली, "चितेगावचं पोरगं न्हवं का? कंपनीतलं? दर महिन्याला येतंय की. हिरव्या, डझनभर, दोन-दोनच्या."

मी विचारलं, "दोन-दोनच्या? दोन-सहाच्या नाही?"

"नाय वो बाई. लई बारीक हात आसंल तिचा. म्या एकदा इचारलं बी, कुणाला नेतोस रं? तर हासला नुसता."

वैदेहीचं माप दोन-सहा आहे. मी तिला सहज विचारून खात्री करून घेतली. त्याच्या आईचे, सरूबाईंचे हात तू साखरपुड्याच्या फोटोत बघ, शेतात राबलेले रुंद हात आहेत. बहीण त्याला नाही. मग बारीक हातांची ही कोण, जिच्यासाठी दर महिन्याला डझनभर हिरव्या बांगड्या जातात? हिरवा चुडा कोण घालतं ते तुला सांगायला नको.

माझी झोप उडाली आहे. काल वैदेही लग्नाचा ब्लाउज घालून मला दाखवायला आली आणि मी तिच्याकडे बघू शकले नाही. "आत्या, आवडला नाही का गं?" म्हणाली. तुझी अट मी पाळते आहे, पण किती दिवस पाळता येईल ते सांगता येत नाही. पोरीचं आयुष्य डोळ्यांदेखत विहिरीत जात असताना मी काठावर बसून तुझ्या उत्तराची वाट बघायची का?

तुझी,
मीनाअक्का


नाशिक
मंगळवार, २८ जानेवारी २०२५

अक्का,

शनिवारी वैदेहीचा फोन आला. मला बोलता येत नाही हे तिला माहीत आहे. ती बोलते आणि मी आहे हे कळावं म्हणून फोनवर बोटानं टिचक्या मारतो, असं आमचं ठरलंय. त्या दिवशी ती बोललीच नाही. नुसती रडत होती. मी वीस मिनिटं टिचक्या मारत बसलो. बापाला याहून वाईट काय असतं ते मला माहीत नाही.

शेवटी तिनं सांगितलं, "बाबा, मी शिवराजची अंगठी आणि साडी परत पाठवली. त्याचं लग्न झालंय. आत्यानं स्वतः ऐकलंय. गडावरचा माणूस तिच्यासमोर म्हणाला, साहेबांची बायको दर महिन्याला येते."

तुझं सहा तारखेचं पत्र आत्ता माझ्यासमोर आहे. त्यात पुंडलिक म्हणतो, "ताई नाय आल्या व्हय?" ताई, अक्का. बायको नाही. 'दर महिन्याला' हेही तो म्हणालेला नाही, ते तू वहीतून काढलंस. मला लिहिताना तू खरं लिहिलंस आणि माझ्या मुलीला सांगताना त्यात भर घातलीस.

बत्तीस वर्षांत मूळ कागद बघितल्याशिवाय तू एकाही फेरफारावर सही केली नाहीस. कलेक्टरचा माणूस आला तरी केली नाहीस, हे सगळ्या घराला तू शंभरदा ऐकवलंयस. आणि आपल्या पोरीच्या संसारावर न बघता सही केलीस?

ती म्हणते, शिवराजला तिनं एका शब्दानं विचारलं नाही, कारण आत्याच्या तोंडून आलंय म्हणजे विचारायचं काय उरलं. त्यानंही अंगठी मुकाट घेतली. हे मला खटकतं. निर्दोष माणूस मुकाट घेत नाही. म्हणजे तुझा संशय कदाचित खराही असेल. पण तुला ते माहीत नाही आणि मलाही माहीत नाही, आणि ती मात्र जेवायची थांबली आहे.

पुढचा रविवार २ फेब्रुवारी. पुंडलिकाच्या वहीतल्या नोंदी मी कॅलेंडरवर ताडून पाहिल्या. तो अमावास्येनंतरच्या पहिल्या रविवारी जातो, अमावास्या रविवारी आली तर त्याच दिवशी. उद्या अमावास्या आहे. रविवारी तू गडावर जा. त्या बाईला डोळ्यांनी बघ, तोंडानं विचार, आणि जे असेल ते मला लिही. भर न घालता.

हेमचंद्र


उस्मानपुरा
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. हेमचंद्र,

जसं घडलं तसं लिहिते. कुठे भर दिसली तर तिथे काट मार.

काल सकाळी साडेसातलाच रिक्षा करून बिलोरगडावर गेले आणि पहिल्या दरवाज्याच्या आत, देवडीत बसून राहिले. साडेआठच्या सुमाराला शिवराज आला. त्याच्याबरोबर एक तिशीतली बाई होती, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. मागून सरूबाई काठी टेकत येत होत्या. दोन वर्षांत त्यांना गुडघ्यांमुळे चढणं जमलं नव्हतं, काल हट्टानं आल्या होत्या.

मला बघून शिवराज थबकला. मी नमस्कार नाही केला, काही नाही. त्या बाईकडे बोट करून विचारलं, "या कोण?"

"माझी वहिनी, आत्या. श्रेयावहिनी. साखरपुड्याला भेटल्या होत्या की तुम्हाला."

भेटली होती, हेमू. त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला. साखरपुड्यात ती मागे स्वयंपाकाकडे होती, आणि मी तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. मी स्वतः विधवा, आणि मला विधवा बाई दिसली नाही.

सगळे मिळून वर गेलो. कठड्यापाशी श्रेया पुडी सोडून बांगड्या ठेवायला लागली. मी विचारलं, "या कुणाच्या?" सरूबाई दगडावर बसल्या आणि शिवराजला म्हणाल्या, "सांग की रं. का म्या सांगू?"

मग त्यांनीच सांगितलं.

"केतकीला खोटा निरोप कुणी आणला, ते बोर्डावर नाय लिव्हलेलं. तो हलकारा आमचा. आमच्या घराण्याचा. त्यो पैठणला गेलाच न्हवता बाई. वाटंत कुणाकडून तरी काय ऐकलं, आन वर येऊन सांगितलं, म्या डोळ्यानं बघितलं म्हणून. 'डोळ्यानं बघितलं' हे त्यानं पदरचं घातलं. पोर गेली. तवापासून दर अवसेला आमच्या घरची बाई तिला चुडा आणती. आता नोकऱ्या हायत म्हणून रविवारी. पुरुषानं ठिवायच्या नसत्यात. मागल्या टायमाला श्रेयाला ताप होता, म्हणून यानं ठिवल्या."

मी विचारलं, "दोन-दोनच्या का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी खुळं विचारलंय. "पोर पंधरा वर्साची व्हती. हात केवढा आसंल?"

शिवराज मग बोलला. आजूबाजूच्या गावांत त्यांना अजून 'निरोप्याचं घर' म्हणतात. ही गोष्ट सांगितल्यावर त्याची दोन स्थळं मोडली. म्हणून लग्न होईपर्यंत वैदेहीला सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं. पण महिना चुकवता येईना, म्हणून गड दाखवायच्या निमित्तानं आम्हालाच घेऊन आला. अंगठी परत आली तेव्हा त्याला वाटलं, कळलं हिला. "मला वाटलं, तिला आमचं घराणं कळलं आणि नको झालं. काय भांडणार मी? खरंच आहे ते," असं म्हणाला. सरूबाईंनी तिथंच त्याच्या पाठीत काठीचं टोक घातलं. "लपवलंस म्हणून हे झालं. लाजायला तू काय केलंस रं?"

मग मी सांगितलं. सगळं. पुंडलिक काय म्हणाला, वैदेहीला मी काय सांगितलं, बायको हा शब्द मी माझ्या पदरचा घातला. का घातला तेही सांगितलं. 'ताई' म्हणाले असते तर तिनं विचारलं असतं, कोण ताई, आणि मला ती विचारायला नको होती. मला ती जायला नको होती, हेमू. तू लिहिलं होतंस, ते खरं होतं. कुकरच्या शिट्टीचंही खरं होतं.

श्रेया रडत होती. माझ्यासाठी की स्वतःसाठी, कुणास ठाऊक. मी कठड्यापाशी गेले आणि म्हणाले, "मला एक बांगडी द्या. मी पण ठेवते. मीसुद्धा तेच केलंय."

सरूबाईंनी पुडी मागे ओढली. "नाय. ही आमची पाळी हाय, तुमची नाय. आमच्या माणसाला खरं सांगायला वर यायची बुद्धी झाली तवा पोर खाली पडली व्हती. तुमची पोर घरी बसलीया. जित्ती हाय. हितं काय बांगड्या ठिवताय? जा की तिच्याकडं!"

मी आले. दुपारी पावणेदोनला घरात शिरले. वैदेही खिडकीत बसली होती. चपलाही न काढता मी तिला सगळं सांगितलं, पुंडलिकाच्या प्रश्नापासून सरूबाईंच्या बोलण्यापर्यंत. तिनं एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "तो बायको म्हणालाच नव्हता?" मी नाही म्हणाले. ती उठली, पर्स घेतली आणि गेली. चितेगावच्या बसला बसली असणार, शिवराजकडे जायला. रात्री परत आली, तिच्या खोलीत गेली. माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी चहा तिनं स्वतःचा स्वतः केला.

तू मला काय वाटेल ते लिही. मी ते वाचायला बसले आहे.

मीनाअक्का


नाशिक
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सा. नमस्कार.

कुठेही काट मारली नाही.

काल वैदेहीचा फोन आला. शिवराज बरोबर होता. दोघांनी आळीपाळीनं सांगितलं, मी टिचक्या मारल्या. लग्न मे महिन्यात करू म्हणतात, माझा घसाही तोवर सुधारेल. शिवराजनं विचारलं, "बाबा, आमच्या घराण्याचं कळल्यावर तुमची हरकत आहे का? असेल तर दोन टिचक्या मारा." मी एकच मारली, आणि मग त्याला समजली नसेल तर, म्हणून फोन शेजारच्या सरिताताईंना देऊन हरकत नाही असं त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. निरोप नीट पोचलेला बरा.

तुझ्याविषयी वैदेही काही बोलली नाही. मी पाटीवर लिहून तिला फोटो पाठवला होता: आत्या जेवते का? तिचं उत्तर आलं, "माहीत नाही." अक्का, हे सोसावं लागेल. तुझ्या बाजूनं मी काही बोलणार नाही, आणि तिच्या बाजूनंही नाही. जेवत जा मात्र.

तुझा,
हेमचंद्र


उस्मानपुरा
सोमवार, ३ मार्च २०२५

चि. हेमचंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझं रेडिएशन संपलं हे वाचून देवापुढे साखर ठेवली.

एक महिना झाला. वैदेही घरात असते, भाजी आणते, बिल भरते. माझ्याशी कामापुरतंही बोलत नाही. फ्रिजवर चिठ्ठ्या लावते. "दूध संपलं." "उद्या लवकर जायचंय." तुझी मुलगी आहे, पाटीवर संसार करायला शिकली. मी चिठ्ठीखाली 'बरं' लिहिते.

शनिवारी चिठ्ठी होती: "उद्या सहा वाजता. गड. बूट घाल." मी 'बरं' लिहिलं, आणि रात्रभर बूट शोधले.

काल आम्ही पाचजण होतो. सरूबाई गाडीतच थांबल्या. वैदेहीनं पुडी हातात घेतली होती. आता तीही त्या घरची होणार, तर चुडा ती ठेवणार, असं त्यांच्यात ठरलं म्हणे. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी सगळ्यांत मागे उभी होते.

पुंडलिक वहीत नावं लिहीत होता. शिवराज. श्रेया. वैदेही. मग त्याची नजर माझ्यावर आली. मागच्या वेळी मी देवडीत लपून बसले होते, ते त्याला आठवत असावं. त्यानं पेन उचललं. "आन ह्या? ह्या तुमच्यासंगट हायत का?"

मला वाटलं, मीच म्हणावं, मी वेगळी आहे, माझं वेगळं लिहा. तोंड उघडलंसुद्धा.

वैदेहीनं मान वळवली नाही. वहीकडेच बघत म्हणाली, "माझी आत्या आहे. आमच्याबरोबर लिहा."

मी रडले. पुंडलिकासमोर, सगळ्यांसमोर रडले, लपवत नाही. मग डोळे पुसून वाकले आणि त्यानं नाव बरोबर लिहिलंय का ते बघितलं. सवय आहे, काय करू. बरोबर होतं.

तुझी,
मीनाअक्का